मागचा एसी आणि गंजलेला बोल्ट

मे महिन्यात गाडीने इंदूरहून उज्जैनला निघालो, तर मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, इकडे वाराच येत नाहीये."

गॅरेजवाल्याने न तपासताच मागच्या ब्लोअरची, म्हणजे एसीची हवा फेकणाऱ्या पंख्याची, मोटर बदलायला सांगितली. मला ते पटेना. रामबागेतल्या घरी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला. फ्यूज शाबूत. प्लग जोडलेलाच ठेवून, पंखा फुल करून मोजलं: मोटरपर्यंत १२.४ व्होल्ट नीट येत होते. मग अर्थिंगची वायर (मोटरमधून वीज गाडीच्या बॉडीकडे परत नेणारी) ते बॉडी मोजलं, तिथे तब्बल ९ व्होल्ट! तिथे जेमतेम ०.१-०.२ दिसायला हवेत. म्हणजे वीज त्या जोडापाशीच अडत होती, मोटर बिचारी निर्दोष.

मागच्या चाकावरचं प्लास्टिक उघडलं. अर्थिंगच्या बोल्टावर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली. पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकवला, बोल्ट करकचून आवळला. ब्लोअर घूं करून सुरू झाला. आईला लगेच मागे बसवलं. पदर हलला तिचा.