आमची वाटचाल : टोनर भरण्यापासून लॉग वाचण्यापर्यंत

नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीत आमचं काम चालतं. सुरुवात झाली ती कॉम्प्युटरच्या एएमसीपासून, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारापासून. टोनर भरणं, विंडोज टाकून देणं, टॅलीचा बॅकअप घेणं, लॅनची केबल ओढणं. आज आमचं बरंचसं उत्पन्न वेगळ्याच कामातून येतं. कारखान्यांच्या कॉम्प्युटरवरचे विंडोजचे स्वतःचेच प्रोग्रॅम बाहेर कोणाशी बोलतात, यावर आम्ही लक्ष ठेवतो. नवीन ग्राहकाला हे पटवून देताना अजूनही वेळ जातो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

वळण आलं २०१७मध्ये. २७ जूनला नॉटपेट्या या कॉम्प्युटर निकामी करणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला. युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं कामकाज त्याने आडवं केलं. न्हावाशेव्याचं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. आमच्या एका ग्राहकाचा माल तेव्हा बंदरात अडकला होता. त्यांचा फोन आला, "आपल्याकडे अँटिव्हायरस आहे ना?" होता. पण नॉटपेट्या आतून कसा चालतो ते वाचायला घेतलं आणि माझी झोप उडाली. तो सुरू होत होता रनडीएलएल३२मधून, म्हणजे विंडोजच्याच प्रोग्रॅममधून. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायला चोरलेल्या पळवाटांच्या जोडीला त्याने वापरली होती विंडोजचीच डब्ल्यूएमआयसी आणि मायक्रोसॉफ्टचंच पीएसएक्झेक, ही दुसऱ्या मशीनवर हुकूम चालवायची साधनं. जाता जाता लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेल्या कामाच्या नोंदी, पुसल्या त्याही विंडोजच्याच वेव्टयुटिल या साधनाने. कुंपणच शेत खात होतं. आणि आम्ही तर रोज लोकांची हिशेबाची सॉफ्टवेअरं अपडेट करून देणारी माणसं!

त्यानंतर आम्ही रात्री बसून शिकलो. सिसमॉन हे साधन मायक्रोसॉफ्ट २०१४पासून फुकट देतं. कोणता प्रोग्रॅम सुरू झाला, कोणी सुरू केला, हे ते इव्हेंट १ या क्रमांकाच्या नोंदीत लिहितं. त्या प्रोग्रॅमने कुठल्या पत्त्याशी, कुठल्या पोर्टवर, म्हणजे दारावर, जोडणी केली, हे इव्हेंट ३मध्ये. ही दुसरी नोंद मुळात बंद असते, कॉन्फिगरेशनमधून चालू करावी लागते. २०१९मध्ये त्यात इव्हेंट २२ आला आणि प्रोग्रॅमने कुठलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, विचारलं तेही कळू लागलं. हे सगळं आधी आमच्याच ऑफिसच्या मशीनवर बसवलं, मग ज्यांच्याशी घरोबा होता अशा युनिटमध्ये. नोंदी एकत्र आणायला वाझू हे मुक्त सॉफ्टवेअर घेतलं. महागडी परदेशी लायसन्स लहान युनिटला झेपत नाहीत, आणि ज्यांना झेपतात त्यांच्याकडे ते लॉग बघायला माणूस नसतो.

प्रोग्रॅमवरची मायक्रोसॉफ्टची सही खरीच असते. तिच्यावरून फक्त तो प्रोग्रॅम कोणी बनवला हे कळतं, आत्ता तो कोणाच्या सांगण्यावरून चाललाय हे कळत नाही. ते कळतं तो बाहेर कोणाशी बोलतो त्यावरून. वेबपानासारख्या फाइली चालवणाऱ्या एमएसएचटीएला कारखान्याच्या अकाउंट्स विभागातून इंटरनेटवर जायचं काहीच कारण नसतं. प्रोग्रॅमचे सुटे भाग (डीएलएल) विंडोजमध्ये नोंदवणाऱ्या रेगएसव्हीआर३२चंही तसंच. २०१६मध्ये केसी स्मिथ या संशोधकाने दाखवून दिलं होतं की त्याला फक्त एक वेबपत्ता दिला तरी तो तिथली स्क्रिप्ट आणून चालवतो. सर्टयुटिल हे सर्टिफिकेट सांभाळायचं साधन, पण त्याच्याकरवी कुठलीही फाइल उतरवून घेता येते. डीएलएल चालवणारा रनडीएलएल३२ मात्र इतका सरळ नाही. प्रिंटरच्या कामासाठी तो आतल्या १९२.१६८च्या पत्त्यावर बोलताना दिसतो, त्यात वावगं काही नाही. तोच रनडीएलएल३२ जर कुठल्याही डीएलएलचं नाव न घेता, नुसताच सुरू झालेला असेल आणि दर मिनिटाला बाहेरच्या एकाच पत्त्याला हात लावत असेल, तर आमच्याकडे सगळं काम बाजूला पडतं. कोबाल्ट स्ट्राइक हे हल्लेखोरांच्या आवडीचं साधन. काही बदललं नाही तर ते नेमकं असंच वागतं, दर ६० सेकंदांनी. हुशार हल्लेखोर ही वेळ थोडी मागेपुढे करतो, म्हणून आम्ही घड्याळाच्या काट्यावर विसंबून राहत नाही. कुठला प्रोग्रॅम, कोणाचं पोर (म्हणजे कोणी सुरू केलेला), कुठला पत्ता, हे तिन्ही एकत्र बघतो.

एक आंधळी जागा आहे, तिच्याबद्दल मी शिकणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो. बिट्सअॅडमिन या फाइली उतरवायच्या विंडोजच्या साधनाने फाइल मागवली तर इव्हेंट ३मध्ये बिट्सअॅडमिन दिसतच नाही. जोडणी करते विंडोजची बिट्स सेवा, म्हणजे नोंद पडते विंडोजच्या सेवा चालवणाऱ्या एसव्हीसीहोस्टच्या नावावर, आणि एसव्हीसीहोस्ट दिवसभर बोलतच असतो. तिथे बिट्स क्लायंटचा वेगळा लॉग उघडावा लागतो. त्यातल्या इव्हेंट ५९मध्ये वेबपत्ता लिहिलेला मिळतो. कामाला आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या महिन्यात अशी मागवलेली एक फाइल शोधायला बसवतो. सिन्नरहून येणारी आमची एक सहकारी पॉलिटेक्निक करून थेट इथे आली. तिने ती फाइल दुपारच्या जेवणाआधी शोधून दाखवली होती. आज लॉगचं सगळं काम तिच्याच हाताखाली चालतं.

२०२४च्या दिवाळीनंतर एका टूलरूममधून इशारा आला. एमएसएचटीए, सुरू करणारा एक्सप्लोरर (विंडोजचा डेस्कटॉप), जोडणी बाहेरच्या पत्त्याला, पोर्ट ४४३. तिने लगेच तिथल्या अकाउंटंटना फोन लावला.

"ताई, आत्ता काही पेस्ट केलंत का?"

"हो, पीडीएफची एक्सेल करायची होती. साइटवर मी रोबोट नाही असं आलं. विंडोज आणि आर दाबा, मग पेस्ट करून एंटर मारा म्हणाले."

"मागची निळी केबल काढा. कॉम्प्युटर बंद करू नका."

बंद करू नका यासाठी की मेमरीतला पुरावा जातो. आम्ही पोहोचलो तेव्हा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, रनएमआरयू या नोंदीत ती पेस्ट केलेली ओळ जशीच्या तशी होती. अशा खोट्या कॅपचातून तेव्हा लुमा नावाचा पासवर्डचोर फिरत होता, त्यामुळे बँक, जीएसटी, ई-वे बिल, ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले आणि ते मशीन कोरं करून पुन्हा भरलं. मालक ताईंवर चिडले होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, काका, यांनी पहिल्या फोनला खरं सांगितलं म्हणून आपण वेळेत पोहोचलो. उद्या दुसरं कोणी घाबरून लपवेल, ते आपल्याला परवडणार नाही. त्यांना ते पटलं.

त्या आठवड्यापासून आम्ही सगळ्या ग्राहकांकडे विंडोज फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचे नियम लावायला घेतले. एमएसएचटीए, रेगएसव्हीआर३२, सर्टयुटिल, शिवाय स्क्रिप्ट चालवणारे डब्ल्यूस्क्रिप्ट आणि सीस्क्रिप्ट, यांना इंटरनेट बंद. नियम सिस्टीम३२ आणि सिसवाऊ६४ या दोन्ही फोल्डरमधल्या प्रतींना लावायचा, नाहीतर ३२ बिटची प्रत मोकळी राहते. कोणी प्रोग्रॅमचं नाव बदलून दुसरीकडे ठेवला, तर सिसमॉनच्या इव्हेंट १मधलं मूळ फाइलनाव त्याला उघडं पाडतं. याला खर्च शून्य, पण आधी युनिट ओळखीचं असावं लागतं. एका फाउंड्रीत वजनकाट्याचा अहवाल जुनी व्हीबीस्क्रिप्ट रोज संध्याकाळी बाहेरच्या सर्व्हरला पाठवते. तिथे डब्ल्यूस्क्रिप्टला तेवढा एकच पत्ता मोकळा ठेवलाय. मोठ्या शहरातून दूरवर देखरेख करणाऱ्या कंपनीला हे माहीत असणं अवघड. आम्हाला माहीत असतं, कारण त्या काट्याचा कॉम्प्युटर आम्हीच बसवलेला असतो. आमच्या धंद्याचं खरं भांडवल हेच आहे, असं मी मानतो. प्रत्येक युनिटच्या नेहमीच्या जोडण्यांची आम्ही वही ठेवतो आणि सॉफ्टवेअर बदललं की ती नव्याने लिहितो. विंडोज ११मधल्या नोटपॅडमध्ये मजकूर लिहून देणारी सोय आली, तसं ते नेटवर बोलू लागलं. नोटपॅड बाहेर बोललं की घंटा वाजवायचा आमचा जुना नियम तेव्हा बदलावा लागला.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनीही हात दिला. घटना ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं जुळवून ठेवायची. मोठ्या कंपन्या आता पुरवठादारांना सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवतात, आणि ती घेऊन मालक आमच्याकडे येतात. घड्याळांचा मुद्दा लोकांना किरकोळ वाटतो. पण दोन मशीनच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असला, तर आधी कोण कोणाशी बोललं हे ठरवताच येत नाही.

सध्या आमचं लक्ष शॉप फ्लोअरवर आहे. कित्येक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांच्या, शेजारी अजून विंडोज ७ आहे, आणि विंडोज १०चाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन बनवणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यांच्या कंट्रोलरवर आम्ही काही टाकत नाही. म्हणून तिथे नेटवर्कच्या स्विचवरूनच वाहतुकीची प्रत घेऊन ऐकायची सोय करतोय. त्यात प्रोग्रॅमचं नाव मिळत नाही, पत्ता आणि वेळ मिळते. कंट्रोलरच्या बाबतीत एवढं बहुतेक वेळा पुरतं, कारण त्याने इंटरनेटवर जायचंच नसतं. काही युनिटमध्ये हे बसलंय, बाकीच्यांचं दिवाळीच्या बंदच्या आठवड्यात करायचं ठरलंय.