बोटाखालचा आवाज: प्रशिक्षण थांबवून शिकवण्यात घालवलेले वर्ष

शिकवण्याचे काम सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. एक विद्यार्थी रुग्णाच्या पाठीवर बोटाने ठोकून पाहत होता आणि काही केल्या आवाज उमटत नव्हता. डाव्या हाताचे मधले बोट पाठीवर टेकवायचे, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर ठोकायचे आणि खाली हवेने भरलेले फुप्फुस आहे की त्याच्याभोवती पाणी साचले आहे, हे आवाजावरून ओळखायचे, एवढीच ती क्रिया. मी ती असंख्य वेळा केलेली होती. त्याने वळून विचारले, "मॅडम, माझे नेमके काय चुकते आहे?" आणि मला ते सांगता येईना. मी पुढे होऊन स्वतः ठोकून दाखवले. वरच्या भागात घुमणारा आवाज आला, खाली बद्द. "असे करायचे," मी म्हणाले. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा काहीच ऐकू आले नाही, आणि तरीही त्याने समजल्यासारखी मान हलवली. ती मान हलवणे माझ्या मनाला फार लागले, कारण विद्यार्थी असताना मीही कित्येकदा तशीच मान हलवलेली होती.

त्या संध्याकाळी मी टेबलावर बोट ठेवून अर्धा तास ठोकत बसले आणि आपला हात काय करतो ते आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिले. डावे बोट पृष्ठभागावर घट्ट दाबलेले होते आणि बाकीची बोटे किंचित उचललेली होती, कारण ती टेकली की आवाज दबतो. हालचाल सगळी मनगटातून होत होती, कोपर जागचे हलत नव्हते. ठोकणारे बोट वाकलेले होते आणि चटका बसावा तसे ते लगेच मागे येत होते. यातले काहीही मला कोणी शब्दांत सांगितलेले नव्हते; हाताला ते कधीतरी जमून गेले आणि त्यानंतर मी त्याचा विचारच केला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याच्या डाव्या बोटाकडे पाहिले तर ते पाठीवर नुसते टेकलेले होते, दाबलेले नव्हते. तेवढे एक सांगितल्यावर त्याला आवाज आला. तो माझ्याकडे बघायचे विसरून स्वतःच्या बोटाकडेच बघत राहिला.

मी तेव्हा विशेषज्ञ होण्याच्या प्रशिक्षणाच्या साधारण मध्यावर होते. नेहमीची रोटेशन्स, म्हणजे एकेका विभागातल्या पाळीपाळीच्या नेमणुका, थांबवून एक वर्ष वैद्यकीय विद्यार्थ्यांना पूर्णवेळ शिकवायचे आणि आठवड्यातला एक दिवस वॉर्डात काम करायचे, असे त्या नेमणुकीचे स्वरूप होते. अर्जात एक रकाना होता: "प्रशिक्षणातील खंडाचे कारण". आजारपण, बाळंतपण आणि शिकवणे या तिन्ही गोष्टी त्या एकाच रकान्यात बसवलेल्या होत्या. मी ज्यांच्या हाताखाली काम करत होते त्या सरांनी अर्ज वाचून मला बाजूला घेतले आणि विचारले, "रुग्ण नकोसे झाले आहेत का?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. त्यांच्या मते डॉक्टरने रुग्णांपासून वर्षभर दूर जाण्याला एवढेच एक कारण असू शकत होते. मी नाही म्हणाले, आणि ते खरेच होते. पण रात्रपाळ्यांनी मी थकले होते हेही तितकेच खरे होते आणि ते मी त्या दिवशी बोलले नाही. आज कोणी विचारले तर दोन्ही कारणे सांगेन. थकवा हे शिकवायला जाण्याचे एकमेव कारण असू नये, पण ते अजिबात नव्हते असे म्हणणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे.

ठोकून पाहण्याच्या या पद्धतीचा इतिहास मी त्याच वर्षी शिकवायच्या निमित्ताने वाचला आणि तो माझ्या मनात घर करून राहिला. लेओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने 1761 मध्ये व्हिएन्नात एक छोटे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले आणि छातीवर ठोकून आतला आजार ओळखता येतो असे त्यात मांडले. त्याचे वडील खानावळवजा सराय चालवत. पिंपात किती द्रव उरला आहे हे ठोकून पाहण्याची सवय त्याला तिथूनच लागली, असे सांगतात. शोध मोलाचा होता, निरीक्षणे काटेकोर होती, पुस्तकही उपलब्ध होते, तरी वैद्यकजगताने त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढे पॅरिसमध्ये ज्याँ-निकोला कॉर्व्हिसार याने ही पद्धत स्वतः अनेक वर्षे वापरून पाहिली, रुग्णांच्या खाटेपाशी विद्यार्थ्यांना शिकवली आणि 1808 मध्ये त्या पुस्तकाचे भाष्यासह फ्रेंच भाषांतर काढले. मधे 47 वर्षे गेली होती; आउएनब्रुगर पुढच्याच वर्षी वारला. ज्याने 1816 मध्ये स्टेथोस्कोप शोधला तो रेने लेनेक या कॉर्व्हिसारचाच विद्यार्थी. शोध लागणे आणि तो दुसऱ्यांच्या बोटांत उतरणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी कोणीतरी आपला वेळ द्यावा लागतो. त्या रकान्यात मला खरे तर हे लिहायचे होते.

शल्यक्रियेच्या विभागांत एक जुनी म्हण चालते: एकदा पाहा, एकदा करा, एकदा शिकवा. ती ऐकायला चटपटीत आहे, पण तिच्यातली तिसरी पायरी आपोआप येते असे गृहीत धरले गेले आहे आणि माझ्या मते तिथेच सगळा घोटाळा आहे. एखादी गोष्ट जितकी उत्तम जमू लागते, तितके तिचे टप्पे एकमेकांत मिसळून दिसेनासे होतात. म्हणूनच अनेकदा निष्णात डॉक्टरपेक्षा आदल्या वर्षीच शिकलेला ज्युनियर चांगले समजावून सांगतो. पेटन या शल्यचिकित्सकाने 1998 मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत मी त्या वर्षी शिकले. आधी शिक्षक ती क्रिया नेहमीच्या गतीने, काही न बोलता करून दाखवतो. मग प्रत्येक टप्पा समजावत पुन्हा करतो. तिसऱ्या वेळी हात शिक्षकाचे असतात, पण पुढे काय करायचे ते विद्यार्थी सांगतो. आणि चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः बोलत बोलत करतो. यातली तिसरी पायरी घाईत नेहमी गाळली जाते, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त शिकणे तिथेच होते. विद्यार्थी "आता सुई आत घाला" म्हणतो, आपण थांबून "किती अंशात?" विचारतो, आणि त्याच्या डोक्यातली रिकामी जागा दोघांनाही एकदमच दिसते. ती जागा रुग्णाच्या हातावर दिसण्याआधी दिसली, याचे मोल कितीही केले तरी कमीच आहे.

बाहेरून लोकांना वाटते की हे वर्ष म्हणजे व्याख्याने. व्याख्याने त्यात फारच थोडी होती. माझा निम्म्याहून अधिक वेळ परीक्षेची तयारी, प्रात्यक्षिकांची आखणी आणि विद्यार्थ्यांच्या कामावर अभिप्राय देणे यांत गेला. रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या डंडीतल्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मांडलेली ओएससीई (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) ही परीक्षेची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे: विद्यार्थी एका स्थानकावरून दुसऱ्यावर जातात, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत एक काम करतात आणि परीक्षक आधी ठरवलेल्या यादीनुसार गुण देतो. मी पहिले स्थानक लिहिले ते वाईट बातमी सांगण्याचे. रुग्णाच्या भूमिकेत त्यासाठी तयार केलेली एक व्यक्ती होती. खाजगीपणाची खात्री केली, रुग्णाला आधी काय माहीत आहे ते विचारले, सहानुभूतीचे वाक्य म्हटले, अशी पंधरा कलमांची यादी मी मोठ्या मेहनतीने केली आणि ती फार नेटकी झाली आहे असे मला वाटले.

सराव परीक्षेत एक मुलगी आली. समोरच्या बाईंनी ठरल्याप्रमाणे तोंड फिरवले आणि त्या रडू लागल्या. मुलगी त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्हाला काय वाटत असेल हे मी समजू शकते," आणि लगेच पुढच्या मुद्द्यावर गेली. माझ्या यादीनुसार तिला त्या कलमाचा पूर्ण गुण मिळाला. तिच्यानंतर आलेला मुलगा अडखळला, त्याला वाक्य सुचेना. त्याने खुर्ची थोडी जवळ ओढली आणि तो जवळजवळ मिनिटभर गप्प बसून राहिला. त्याला त्या कलमाचा गुण मिळाला नाही. संपल्यावर त्या बाई मला म्हणाल्या, "मी खरी रुग्ण असते तर मला दुसरा डॉक्टर हवा होता." मी ती यादी फाडली. नव्या आराखड्यात कलमे सहाच ठेवली, आणि या डॉक्टरकडे पुन्हा यावेसे वाटेल का, या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या भूमिकेतल्या व्यक्तीने द्यायचे अशी सोय केली. डॉक्टरची क्षमता कशी पारखायची यासाठी जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये मांडलेला चार थरांचा पिरॅमिड मी तोवर फक्त वाचला होता: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्षात करणे. करून दाखवणे आणि प्रत्यक्षात करणे यांच्यामधली दरी त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिली. ती माझ्याच यादीने रुंद केलेली होती, हेही मला कबूल करावे लागले.

या वर्षाची किंमत मोजावी लागते, आणि ती लपवून कोणाला या वाटेवर आणणे मला पटत नाही. रात्रपाळ्या नसल्या की त्यांचे पैसेही नसतात. माझ्याबरोबरचे डॉक्टर वर्षभराने पुढे गेले आणि त्यांतला एक पुढे माझाच सीनियर झाला. हातही गंजतात: आठवड्याच्या एका दिवसात वॉर्डाशी नाते राहते, पण मध्यरात्री एकटीने निर्णय घेण्याची सवय राहत नाही. परतल्यानंतरच्या पहिल्या रात्री मी औषधाचा एक डोस, जो पूर्वी झोपेतही सांगितला असता, तीनदा पडताळून पाहिला. चूक झाली नाही, पण तो आत्मविश्वास परत यायला मला सुमारे दोन महिने लागले. म्हणून जे विचारतात त्यांना मी एकच अट सांगते, की आधी वैद्यकीय कामात पाय रोवा. जे अजून अर्धवट येते ते शिकवायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतील. आणि परत येताना पहिले काही आठवडे सीनियर सोबत असेल अशी तजवीज जाण्याआधीच, लेखी, करून घ्या.

ब्रिटनमध्ये अशा वर्षाला रीतसर चौकट आहे. पदव्युत्तर प्रशिक्षणातला डॉक्टर परवानगी घेऊन कार्यक्रमाबाहेर जाऊ शकतो, आणि 'क्लिनिकल टीचिंग फेलो' या नावाची पदे तिथल्या रुग्णालयांत सर्रास आढळतात. सुरुवातीचा दोन वर्षांचा पायाभूत टप्पा झाल्यावर अनेकजण ती घेतात. वाट असणे, तिला नाव असणे, ही मोठीच सोय आहे. तरीही केवळ अनुभव म्हणून बाहेर घालवलेला काळ तिथेही प्रशिक्षणाच्या कालावधीत धरला जात नाही, तर संशोधनाचा काही भाग पूर्वपरवानगीने धरला जाऊ शकतो. या भेदाचे पटणारे कारण मला अजून सापडलेले नाही. विशेषज्ञ झाल्यावर त्याच डॉक्टरने रोज ज्युनियरांना शिकवावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी लागणारे कौशल्य मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. एखाद्याला शिकवण्यात खरोखर रस असेल, त्याने त्या वर्षात अभिप्राय देणे, परीक्षा आखणे, प्रात्यक्षिके घेणे हे सगळे नीट शिकल्याचा पुरावा असेल, तर त्यातले काही महिने तरी मोजले जावेत, असे माझे ठाम मत आहे.

वॉर्डात परतल्यावर वेळ कमी झाला आहे, शिकवणे थांबलेले नाही. राउंडमध्ये एका रुग्णामागे मिळतात ती पाच मिनिटे. त्यात मी ज्युनियरला आधी त्याचे निदान विचारते, मग ते कशावरून ठरवले ते विचारते, एक नियम सांगते, जे बरोबर केले ते नेमके सांगते आणि जे चुकले ते दुरुस्त करते. पूर्वी मी पहिल्याच वाक्यात उत्तर देऊन पुढच्या खाटेकडे जात असे. तेव्हाही पाच मिनिटेच लागत.

गेल्या आठवड्यात रात्री एक वाजता नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरचा फोन आला. रुग्णाला धाप लागली होती, एक बाजू नीट फुगत नव्हती आणि आवाजावरून पाणी वाटते की नाही याची तिला खात्री नव्हती. मी खाली गेले. तिने एकदा ठोकून पाहिले आणि अपराधी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी रुग्णाची परवानगी घेतली, माझे डावे बोट त्यांच्या पाठीवर ठेवले आणि तिला म्हणाले, "हात माझे आहेत. काय करायचे ते तू सांग." ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, "बोट घट्ट दाबा, डॉक्टर. बाकीची उचला. आता वरून सुरुवात करा, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा." मी वरून सुरुवात केली. चौथ्या ठोक्याला, मी काही बोलायच्या आत, ती म्हणाली, "इथे. इथे बदलला."