आमची वाटचाल : नवे किट आणि डब्यातले जुने पितळ

आर्वी-तळेगाव रस्त्याच्या कडेला टिनाचे शेड उभारून आम्ही दोघा भावांनी दुचाकी दुरुस्तीचे दुकान सुरू केले, त्याला दोन वर्षे होत आली असतानाच, २०१० च्या डिसेंबरात, हिरो आणि होंडा वेगळे होणार असल्याची बातमी आली. आता सुटे भाग मिळतील की नाही, ही त्या दिवसांत प्रत्येक गिऱ्हाइकाची काळजी होती. भाग मिळत राहिले. किंबहुना नागपूरच्या बाजारात ते इतक्या तऱ्हांचे मिळू लागले की मूळ कोणता आणि नक्कल कोणती, हे ओळखणे हेच आमच्या कामाचा अर्धा भाग होऊन बसले. आज दुकानाला जी ओळख आहे ती कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या, कामामुळे आहे, आणि ते काम आम्ही एका फसलेल्या दुरुस्तीतून शिकलो.

जवळच्या खेड्यातून रोज दूध घेऊन येणाऱ्या एका काकांची शंभर सीसीची जुनी गाडी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे आली. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होते. कार्बोरेटरच्या तळच्या कपात पेट्रोल पुरेसे भरले की ते अडवणारी, तरंगत्या फ्लोटची सुई झिजली होती, हे उघड होते. नुसती सुई बदलण्याऐवजी आम्ही पूर्ण किटच घातले, कारण मूळ भागांच्या मानाने ते फारच स्वस्त होते आणि त्यात जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी भाग), सुया, वॉशर, ओरिंग असे सगळेच एका पाकिटात होते. ठिबकणे थांबले आणि गाडी किकमध्ये सुरू झाली. आम्ही पैसे घेऊन मोकळे झालो.

आठवड्याच्या आत काका परतले. गाडी धूर देत होती, चढावर दम टाकत होती आणि एव्हरेज पार घसरले होते. आम्ही एअर फिल्टर साफ केला, काळा पडलेला प्लग बदलला, टॅपेट पाहिले आणि गाडी परत दिली. ती पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला काका दुकानासमोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "काऊन भाऊ, हिले चारा घालू का पेट्रोल घालू? म्हशीपेक्षा जास्त खाते हे." त्या वाक्याला हसण्याची आमची स्थिती नव्हती, कारण दोष कुठे आहे हे आम्हाला खरोखरच कळत नव्हते.

अंदाज बांधणे तेव्हा थांबवले आणि पद्धतशीर तपासणी सुरू केली. कार्बोरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरची मूठ जेमतेम उघडी असताना इंजिन स्लो जेटवर आणि हवेच्या स्क्रूवर चालते, पाव ते पाऊण मुठीपर्यंत मुख्यतः मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या लांब सुईवर चालते आणि मूठ पूर्ण पिळली की मेन जेटवर चालते. म्हणून मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या आणि तळेगावच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर प्रत्येक खुणेवर गाडी चालवून पाहिली. आयडलिंग ठीक होते. अर्ध्या मुठीवर गाडी जड वाटत होती. सुईची उंची ठरवणारी क्लिप एक खाच वर सरकवून सुई थोडी खाली बसवली, तेव्हा तो जडपणा गेला. पूर्ण मुठीवरचा काळा धूर मात्र तसाच राहिला, आणि तिथे सुईचा फारसा संबंध नसतो. संशय मेन जेटवर गेला.

सुदैवाने काढलेले जुने भाग भंगारात न टाकता एका डब्यात पडून होते. जुना जेट शोधून नव्याशेजारी धरला, तर दोन्हींवर ७८ हाच आकडा कोरलेला. ज्या जेटवर असा आकडा भोकाचा व्यास सांगतो, तिथे ७८ म्हणजे ०.७८ मिलिमीटर. डोळ्याला फरक दिसत नव्हता. शेजारी शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करणारे दुकान आहे. तिथून २१ गेजच्या तांब्याच्या तारेचा तुकडा आणला, वरचे इनॅमल खरवडून काढले आणि तारेचे टोक अलगद जेटमध्ये घालून पाहिले. या तारेची जाडी ०.८१ मिलिमीटर असते. जुन्या जेटच्या तोंडाशीच ती अडली. नव्या जेटमधून ती सरळ आरपार गेली. व्यासातला फरक केसाएवढा, पण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे नव्या जेटचे भोक निदान सात-आठ टक्क्यांनी मोठे होते. जुना जेट धुऊन परत बसवला आणि धूर गेला. (तार ही फक्त मापायला वापरावी. पितळ मऊ असते. जेट साफ करायला तार घासणारा माणूस स्वतःच भोक मोठे करून ठेवतो, आणि आम्हीही पूर्वी ते केले आहे.)

याचा अर्थ जुने ते सगळे चांगले, असा आम्ही घेतला नाही. वर्षानुवर्षे लांब सुई घासून तिच्या खालच्या नळीचे भोक लांबट होते, आणि तेव्हा नवी सुई घालूनही मिश्रण जाडच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलेच, राहते. अशा वेळी दोन्ही बदलावेच लागतात, पण मूळ कंपनीचे. किटमधले वॉशर, ओरिंग आणि फ्लोटची सुई आम्ही आजही वापरतो. फ्लोटची सुई मात्र जुन्या सुईशेजारी ठेवून लांबी पाहिल्याशिवाय बसवत नाही. ती आखूड असेल तर पेट्रोल उशिरा अडते व पातळी चढते, आणि लांब असेल तर कप भरण्याआधीच पुरवठा बंद होतो. पातळी पाहण्यासाठी कपाच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरच्या अंगाला उभी धरतो आणि ड्रेनचा स्क्रू सैल करतो. नळीत पेट्रोल जिथे स्थिरावते तीच आतली पातळी. फ्लोटची पत्ती पितळी असेल तर ती किंचित वाकवून दुरुस्ती होते.

एक चूक आमच्या पोराच्या हातून झाली होती, पण दोष शिकवणाऱ्याचा, म्हणजे माझाच. एका गाडीचे आयडलिंग किट घातल्यावर कधी चढत होते, कधी गाडी बंद पडत होती. हवेच्या स्क्रूचा जुना, चपटा झालेला ओरिंग भोकाच्या तळाशीच चिकटून राहिला होता आणि त्याच्यावर नवा बसला होता. स्क्रूबरोबर स्प्रिंग बाहेर आली, वॉशर आला, पण ओरिंग आला का, हे कोणी मोजले नव्हते. तेव्हापासून दुकानात वही आहे. कार्बोरेटर उघडला की काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद, क्लिपची खाच, हवेचा स्क्रू तळापासून किती फेरे उघडा होता तो आकडा, हे सगळे नवा भाग बसवण्याआधी लिहिले जाते. सुरुवातीला गिऱ्हाइके या लिखापढीला हसत.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ चे नियम आले, नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले, आणि कार्बोरेटरचे काम संपणार म्हणून भावाने अशा गाड्यांतले दोष वाचणारा स्कॅनर घेण्याचा आग्रह धरला. स्कॅनर घेतला. पण शेताच्या धुऱ्यावर उभ्या असणाऱ्या जुन्या गाड्या कोणी विकल्या नाहीत, आणि २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागल्यावर त्यांचे काम उलट वाढले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कपात तळाशी पाण्याचा थर सापडतो आणि जुन्या रबराचे ओरिंग फुगलेले निघतात. कारंजा आणि आष्टीकडचे काही मेकॅनिक आता नुसता कार्बोरेटर एसटीने पाठवून देतात. त्यांना आमची एकच अट असते, की किट घातले असेल तर काढलेले जुने भागही सोबत पाठवावेत.

दुधवाल्या काकांकडून त्या तिसऱ्या खेपेचे पैसे आम्ही घेतले नाहीत, आणि आधीच्या दोन खेपांचेही परत केले. गाडी आता त्यांचा मुलगा चालवतो. मागच्या पोळ्याच्या आधी ती सर्व्हिसिंगला आली होती. वहीतले जुने पान काढून पाहिले, तर क्लिपची खाच आणि स्क्रूचे फेरे जसेच्या तसे होते.