अलिबाग ते तेरेखोल : हँडल बदलून केलेला दुसरा प्रयत्न

दोन वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यालगतच्या रेवस–रेडी सागरी मार्गाने सायकलवर निघालो होतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी गुहागरला शर्टाचे बटण लावताना डाव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू जागेवर नाहीच असे वाटले. दुसऱ्या दिवशी चिपळूणची एसटी पकडून परतलो. यंदा जानेवारीत तोच मार्ग आठ दिवसांत, दिवसाला साधारण साठ ते ऐंशी किलोमीटर याप्रमाणे पूर्ण झाला. सायकल तीच होती, बदलले होते ते हँडल, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः हातांचाच आहे.

कोणती बोटे बधिर होतात याकडे आधी लक्ष द्यावे. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्याखालून जाणाऱ्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता अधिक. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, तर मनगटाच्या मध्यातून जाणारी दुसरी नस दबत असावी आणि तिथे बहुधा मनगट मागे मोडून धरण्याची सवय नडते. घरी परतूनही बधिरपणा आठवडाभर टिकला किंवा पकड कमजोर वाटली, तर मात्र हँडलाच्या दुकानाऐवजी डॉक्टरांकडे जावे.

पहिल्या सहलीनंतर मी जाड मऊ ग्रिप आणि जेलचे हातमोजे घेतले. ते पैसे वाया गेले, कारण ग्रिप जाड झाल्यामुळे मूठ अधिक आवळावी लागे आणि मनगट वाकलेले ते वाकलेलेच राही. खरी गोम एका साध्या प्रयोगात कळली : डोळे मिटून, हात सैल पुढे करून, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरली, तर त्या दोन पेन्सिली एका सरळ रेषेत येत नाहीत, त्यांची बाहेरची टोके अंगाकडे वळतात. माझे जुने हँडल ७०० मिमी रुंद आणि जवळजवळ सरळ होते, म्हणजे दिवसभर मी मनगटे त्यांच्या नैसर्गिक रेषेतून मोडून त्यावर अंगाचा भार टाकत होतो.

दुकानदाराने रेसिंग सायकलीचे खाली वळलेले हँडल सुचवले. त्यात हात धरण्याच्या जागा पुष्कळ मिळतात हे खरे, पण सरळ हँडलाची नळी ग्रिपपाशी २२.२ मिमी आणि त्या हँडलाची सुमारे २३.८ मिमी असते, त्यामुळे ब्रेकचे लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर दोन्ही बदलावे लागले असते. तो खर्च टाळून मी मागे बराच वळलेला, जुन्या रोडस्टर सायकलीची आठवण करून देणारा बार घेतला, ज्यावर जुने लिव्हर जसेच्या तसे बसले. एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली : वळणामुळे हात सुमारे चार सेंटिमीटर मागे येतात, म्हणून ८० मिमीचा स्टेम (हँडलाला सायकलीशी जोडणारा तुकडा) काढून १०० मिमीचा लावावा लागला. नवा बार घेताना स्टेमच्या पकडीचा व्यास २५.४ मिमी आहे की ३१.८ मिमी, हे मोजूनच दुकानात जावे.

अलिबाग ते दिवेआगर हा पहिला दिवस तुलनेने सोपा, त्यामुळे हातांची परीक्षा झाली नाही. ती बागमांडला–वेश्वी फेरीबोटीनंतर केळशी, आंजर्ले या बाजूच्या चढउतारांवर सुरू झाली. उतारावर ब्रेक धरून ठेवताना सारा भार तळहातांवर येतो आणि खडबडीत रस्त्याचा प्रत्येक हादरा नळीतून मनगटात शिरतो. तिथे मी थांबून ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले, जेणेकरून बोटे लिव्हरवर असताना हाताची पाठ आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत राहील. आंजर्ल्याच्या मुक्कामी सीटही तपासली, तर तिचे टोक किंचित खाली झुकलेले निघाले. अशा सीटवरून माणूस पुढे घसरतो आणि ते घसरणे हातांनी थोपवतो. सीट आडवी केल्यावर पडलेला फरक हँडलाइतकाच मोठा होता, हे काहीशा संकोचाने नमूद करतो.

गुहागर ओलांडले तेव्हा बोटे शाबूत होती. तवसाळ–जयगड फेरीनंतर आरे-वारेच्या चढावर या हँडलाची उणीव दिसली : उभे राहून पेडल मारताना टोके गुडघ्यांजवळ येतात आणि सामान लादलेली सायकल हळू वेगात डुलते. यावर उपाय म्हणून बारच्या वळणापाशी, लिव्हरच्या पुढे हात सरकवून बसूनच चढलो. तशी पकड उतारावर घेऊ नये, कारण ब्रेक बोटांच्या आवाक्यात राहत नाही.

पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, कुणकेश्वर असे मुक्काम आणि पडाव घेत दर वीस मिनिटांनी हातांची जागा बदलण्याचा नेम पाळला. या मार्गावर खाडीच्या फेऱ्या आपोआप विश्रांती देतात, पण शेवटची फेरी किती वाजता सुटते हे आदल्या गावीच विचारून घ्यावे. जवळ पाच मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) असू द्यावी, आणि निघण्यापूर्वी नव्या हँडलावर किमान दोन लांब रपेटी घरच्या रस्त्यावर कराव्यात. तेरेखोलला पोचल्यावर केरीकडे जाणाऱ्या फेरीची वाट पाहताना डावी करंगळी थोडी जड वाटली, पण अर्ध्या तासात ती मोकळी झाली.