एल्डरच्या फुलांची घरगुती शॅम्पेन

जून लागला की इथे इंग्लंडमध्ये कुंपणाकडेच्या एल्डर नावाच्या झुडपांना पांढऱ्या फुलांचे तुरे येतात आणि मला घाई सुटते. कोरड्या दिवशी, ऊन चढल्यावर तोडायचे आणि धुवायचे अजिबात नाहीत हं, कारण फुलांवरच यीस्ट असतं, आंबवण्याचं सगळं काम तेच करतं. जाड हिरवे देठ काढायचे, ते विषारी. ४ लिटर पाणी, ६०० ग्रॅम साखर, २ लिंबं, २ चमचे व्हिनेगर, ८-१० तुरे, वर फडकं बांधून २ दिवस ठेवायचं, मग गाळून सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरायचं, काचेच्या नकोच, गॅसने फुटतात, आणि रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. आठ-दहा दिवसांनी उघडलं की फस्सकन फेस येतो आणि तो गोडसर, लिंबाचा वास, अहाहा! थोडं अल्कोहोल होतंच त्यात, म्हणून मुलांना देत नाही.