ओईटी, दहा मार्क आणि 'आउट' (माझा अनुभव)

खूप जणी विचारतात की यूकेला नर्स म्हणून कशी गेलीस, सगळी प्रोसेस सांग. तर बाकीचं म्हणजे कागदपत्रं, सीबीटी (नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा), व्हिसा वगैरे वगैरे, वेळ लागतो पण होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी अडकले एकाच ठिकाणी, ओईटीच्या स्पीकिंगला, आणि तेही एका शब्दावर. अजून आठवलं की डोकं फिरतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओईटी म्हणजे डॉक्टर-नर्स लोकांची इंग्लिशची परीक्षा. यूकेच्या एनएमसीला, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलला, लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला बी लागतो म्हणजे ३५०, रायटिंगला सी प्लस चालतो म्हणजे ३००. स्पीकिंगला दोन रोल प्ले असतात, साधारण पाच-पाच मिनिटांचे, आधी कार्ड वाचायला दोन-तीन मिनिटं. समोरची व्यक्ती पेशंट बनते. ती मार्क देत नाही बरं का, आवाज रेकॉर्ड होतो आणि तपासणारे दुसरेच असतात, हे मला आमच्या क्लासने सांगितलंच नव्हतं, नाहीतर मी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून एवढी गार पडले नसते.

पहिला रोल प्ले छान झाला. दुसऱ्याचं कार्ड हुबेहूब सांगत नाही, पण साधारण असं की एका आजींच्या घरी व्हिजिट, हिपचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झालेत, दुखण्यासाठी कोडीन चालू आहे, मूड नाही, काय होतंय ते विचारा आणि सल्ला द्या. मी म्हटलं, सोप्पंय.

बाई म्हणाल्या, "आय हॅव हार्डली बीन आउट सिन्स द ऑपरेशन."

आता माझी पहिली नोकरी सांगली जिल्ह्यात, जतच्या बाजूला. तिथे सकाळच्या राउंडला पेशंट काय सांगायचे, तर "सिस्टर, तीन दिस झालं बाहेरला गेलो न्हाई". बाहेरला जाणे म्हणजे काय ते खेडेगावातल्या माणसाला सांगायला नको. त्यात कार्डावर कोडीन, आणि कोडीनने बद्धकोष्ठ होतं हे आम्ही ट्रेनिंगमध्ये घोकलेलं. माझ्या डोक्यात लगेच खटका पडला, आजींना संडासला होत नाहीये!

"हाऊ मेनी डेज?" मी विचारलं.

"वेल, सिक्स वीक्स, रिअली."

सहा आठवडे! मी हादरलेच. तरी चेहरा सांभाळून विचारलं, "इज इट हार्ड?"

"ओह येस, व्हेरी हार्ड. स्पेशली द स्टेप्स."

स्टेप्स? मला वाटलं आजींच्या घरी संडास वरच्या मजल्यावर असणार. मग मी सुटलेच, फायबर खा, पाणी प्या, सकाळी कोमट पाणी घ्या, पपई खा (पपई! इंग्लंडमधल्या आजींना!), जोर करू नका. बाई दोन सेकंद गप्प. मग हळूच म्हणाल्या, "आय युज्ड टू सी माय फ्रेंड्स एव्हरी वीक, यू सी." तेव्हा कुठे ट्यूब पेटली की आजी सहा आठवडे घराबाहेर पडल्या नाहीत, पायऱ्या उतरवत नाहीत, मैत्रिणी भेटत नाहीत, म्हणून उदास आहेत. पण तोवर वेळ संपली.

रिझल्ट लागला. लिसनिंग ३९०, रीडिंग ३७०, रायटिंग ३३० आणि स्पीकिंग ३४०. दहा मार्क! आता कुणी म्हणेल एका शब्दाने एवढं होतं का, उच्चार आणि ग्रामरसुद्धा बघतात. बघतात ना. पण पेशंटचं म्हणणं समजून घेतलं का, माहिती नीट काढली का, यालाही वेगळे मार्क असतात आणि तिथे मी पपई दिली होती. माझ्या वेळी परत द्यायची म्हणजे चारही पेपर परत आणि फी परत पूर्ण, तेव्हा ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर. आईला आकडा सांगितलाच नाही.

खरा राग आहे तो क्लासवर. नाव घेत नाही, पुण्यात असे बरेच आहेत. तीन महिने त्यांनी आमच्याकडून मांजरं-कुत्री पडणाऱ्या पावसाच्या इडियम पाठ करून घेतल्या, ज्या आजवर वॉर्डात एकाही पेशंटच्या तोंडून ऐकल्या नाहीत. रिझल्ट घेऊन मी सरांना भेटायला गेले तर रिसेप्शनला पाऊण तास बसवलं, मग आत बोलावून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतात, "आउट म्हणजे बाहेर मॅडम, त्यात काय एवढं?" अहो सर, त्यातच तर सगळं आहे! मराठीत तरी बाहेर म्हणजे एकच गोष्ट आहे का? बाहेरगावी गेलाय, बाहेरचं खाल्लं, बाहेरची बाधा झाली, बाहेर बसलीये, सगळे बाहेरच ना. वर मला रिपीटर बॅचला वीस टक्के डिस्काउंट देऊ केला. मी नमस्कार करून उठले.

मग कामाला आली ती ताई, मिरजेची, आठ वर्षांपासून यूकेत आहे. नाइट संपवून बसमधून फोन करायची आणि तिला मी हा किस्सा सांगितला तर एवढी हसली की तिचा स्टॉप गेला. ती म्हणाली, "अगं, दाराबाहेर, अंगणात, मोकळ्या हवेत ते 'आउटसाइड'. घर सोडून बाजारात, माणसांत जायचं ते 'आउट'. संध्याकाळी नटूनथटून गेलीस तेही आउट. आणि कुणी अमक्याबरोबर 'गोइंग आउट' म्हणालं तर त्यांचं जमलंय असं समज, भाजी आणायला गेले नाहीत ते."

मग तिने 'अप अँड अबाउट' आणि 'आउट अँड अबाउट' समजावलं. पेशंट पलंगावरून उठून घरात वावरायला लागला की अप, बाहेर जाऊन-येऊन करायला लागला की आउट. "आपण नाही का म्हणत, आता हिंडतायत फिरतायत, तेच ते," ताई म्हणाली. हे एक वाक्य क्लासच्या तीन महिन्यांवर भारी पडलं. अजून एक, "डू यू गेट आउट मच?" हे मला आधी उद्धट वाटायचं, कारण 'गेट आउट' म्हटलं की शाळेतल्या बाई आणि वर्गाचा दरवाजाच डोळ्यासमोर. तसं नाहीये, अगदी मायेने विचारतात.

दुसऱ्या वेळी मी एकच केलं, कळलं नाही की विचारलं. "व्हेन यू से दॅट, डू यू मीन..." असं सुरू करायचं, याने मार्क जात नाहीत, उलट माहिती नीट काढली असं दिसतं. ३८० आले. हो, आणि आधीच सांगायला हवं होतं, रोल प्लेच्या आधी थोड्या गप्पा मारतात त्याला मार्क नसतात, तिथे घसा मोकळा करून घ्या. आणि बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे मार्क एनएमसी एकत्र धरते, त्याला सगळे क्लबिंग म्हणतात, अटी आहेत त्या वाचा. मला गरज पडली नाही पण मैत्रिणीचं त्यावरच झालं.

ऑस्की, म्हणजे नर्सिंगची प्रॅक्टिकल परीक्षा, नॉर्दम्प्टनला दिली, पहिल्या झटक्यात पास. तिथे असेसमेंटच्या स्टेशनला, म्हणजे पेशंटची माहिती काढायच्या टप्प्याला, मी मुद्दाम विचारलं, "आर यू मॅनेजिंग टू गेट आउट अँड अबाउट?" गरज होती की नव्हती माहीत नाही, पण विचारलं.

आता रोज विचारते. आणि डिस्चार्जच्या वेळी त्या उत्तराला किंमत असते, कारण पेशंट घराबाहेर पडूच शकत नसेल तर ड्रेसिंगला डिस्ट्रिक्ट नर्स घरी पाठवायला सांगायचं, हिंडता-फिरता असेल तर त्याने जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, जायचं. हां, आणि सुट्टी मागताना 'आउट ऑफ स्टेशन' लिहू नका. ते इंग्रजांच्या काळातलं, साहेबाचं पोस्टिंगचं गाव म्हणजे स्टेशन, ते आपल्याकडेच राहिलंय. मी लिहिलं तर मॅनेजरने विचारलं, कुठलं स्टेशन?

इथल्या वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळचा हँडओव्हर चालू होता, नाइटची नर्स म्हणाली, "बेड फोर हॅजन्ट बीन फॉर थ्री डेज." मी आता शहाणी झालेली, मी म्हटलं बिचारे आजोबा तीन दिवस कुठे गेले नाहीत, आणि लगेच काळजीने विचारलं, "बीन व्हेअर?"

सगळा हँडओव्हर हसायला लागला. सिस्टरने डोळे पुसत संडासचा तक्ता, म्हणजे स्टूल चार्ट, माझ्या हातात दिला.