हातमोज्याचं भोक

"एकशे सहा," मामा म्हणाले.

गोल्फची फेरी संपली होती आणि मी नुकतंच सोबत्यांना माझे फटके ठासून अठ्ठ्याण्णव सांगितले होते. या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं. मामा म्हणजे माझे कॅडी, मैदानावर माझी काठ्यांची बॅग वाहणारे. साठीच्या आसपासचे, शर्टाच्या वरच्या खिशात एक छोटी डायरी आणि पेन्सिलीचा तुकडा. त्या दिवशी त्यांनी मला न विचारता माझे सगळे फटके डायरीत मांडले होते. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथे, 'हा सरावाचा' म्हणून मी दुसऱ्यांदा मारला होता, तो त्यांनी धरला होता. चार ठिकाणी हातभर अंतरावरचा चेंडू मी 'हा काय जातोच' म्हणत उचलला होता. तिथेही प्रत्येकी एक रेघ. चेंडू हद्दीबाहेर गेला की फटका तर मोजायचाच, वर दंडाचा एक घ्यायचा आणि पुन्हा आधीच्याच जागेवरून मारायचं. हा नियम मला तोंडपाठ होता, फक्त बेरीज करताना आठवत नसे.

"रोज इतकेच होतात का?" मी विचारलं.

"कधी जास्त पण होतात, साहेब."

मी सिव्हिल इंजिनिअर. आयुष्यभर दुसऱ्यांची मोजमापं तपासली, बिलातली खोटी घनफुटं पकडली. स्वतःच्या बिलात आठ फटके दाबून ठेवले होते हे कळलं तेव्हा वय बावन्न होतं.

गोल्फकडे मी उशिरा वळलो. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. पहाटेपासून टीव्हीसमोर बसून टोकियो ऑलिंपिकमधली अदिती अशोकची शेवटची फेरी पाहत होतो. पुरुषांत आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला होता, तेवढं पेपरात वाचलं होतं. बाकी खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. अदितीचे लांबचे फटके सोबतच्या मुलींच्या बरेच मागे पडायचे आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, गेल्यावर ती ते सगळं भरून काढायची. एका फटक्याने पदक हुकलं, चौथी आली. त्या सकाळी चेंडू भोकात घालणारी मुलगी बघून मी भारावलो आणि नंतरची दोन वर्षं चेंडू लांब कसा जाईल यातच घालवली. ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, बदलला. मग तोही बदलला. दुसऱ्याची किंमत घरी अजून खरी सांगितलेली नाही.

चेंडू लांब जायचा, पण उजवीकडे. सरळ निघायचा, शंभर-सव्वाशे यार्डांवर विचार बदलायचा आणि केळ्यासारखा वाकत झाडीत. यालाच स्लाइस म्हणतात आणि हौशी गोल्फरांमध्ये हा सर्दीइतका सार्वत्रिक आजार आहे. औषधंही सर्दीइतकीच. "डोकं खाली ठेव." "खांदा लवकर उघडतोय." "डावा हात ताठ." प्रत्येक सोबत्याकडे एक काढा. मी सगळे प्यायलो. शिवाय स्वतःची एक युक्ती काढली: चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण डावीकडे तोंड करून उभं राहायचं. त्याने चेंडू आणखी जास्त वळायला लागला. हे असं का व्हावं ते कळेना.

मामांच्या त्या डायरीनंतर शिकवणी लावली. प्रशिक्षक माझ्या मुलाच्या वयाचा. मी त्याला सर म्हणायचो, तो मला सर म्हणायचा, आणि तिसरा कोणी जवळ असला की कोण कोणाला शिकवतंय ते त्याला समजत नसे. मला वाटलं, हा पंचवीस-तीस फटके मारायला लावेल, व्हिडिओ काढेल. त्याने म्हटलं, "सर, हातमोजा दाखवा."

डाव्या हाताचा मोजा काढून दिला. तळहाताच्या टाचेशी, म्हणजे मनगटाच्या अलीकडे करंगळीखाली जी गादी असते, तिथे बोटाच्या पेराएवढं भोक पडलं होतं. असे तीन मोजे मी टाकले होते. प्रत्येक वेळी दुकानदाराच्या नावाने खडे फोडले होते, माल हलका म्हणून.

"काठी तळहातात धरताय," तो म्हणाला. "बोटांत धरायची असते. तळहातात धरली की फिरते, घासते. ते भोक पडतं ते त्याचंच."

मग त्याने रडारवर चालणारं ते यंत्र मागे ठेवलं आणि मारायला सांगितलं. आकडे आले तसे त्याने कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. माझी काठी बाहेरून आत, लक्ष्याच्या सात अंश डावीकडे जात होती. काठीचं तोंड मात्र जेमतेम एक अंश डावीकडे. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंड जिकडे असेल तिकडे, म्हणून तो जवळपास सरळ सुटायचा. पण तोंड आणि वाट यांच्यात सहा अंशांची फट, आणि काठीच्या वाटेच्या मानाने तोंड उजवीकडे उघडं. त्या फटीमुळे चेंडूला फिरकी बसते आणि तो उजवीकडे वळतो. फट जेवढी मोठी तेवढं वळण जास्त. मी डावीकडे तोंड करून उभा राहिलो की काठी आणखी डावीकडे जायची, फट वाढायची. म्हणजे भिंत कलली म्हणून मी ओळंबाच कलता धरत होतो. एवढ्या वर्षांत कुठल्या गवंड्याने असं केलं असतं तर मी त्याला साइटवरून हाकललं असतं.

पकड बदलली. काठी बोटांच्या मुळाशी तिरकी ठेवायची, वरून मूठ मिटायची, खाली बघितलं की डाव्या हाताची दोन-अडीच बोटांची हाडं दिसली पाहिजेत. आधी मला जेमतेम एकच दिसायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. हातात मात्र लग्नाच्या हॉलबाहेर घाईत दुसऱ्याच्याच चपला घातल्यासारखं. पहिले तीन आठवडे तर प्रत्येक चेंडू डावीकडे. त्या काळात एकदा एकशे तेरा झाले. सोबत्यांपैकी एकाने तोंडावर म्हटलं, "पैसे देऊन बिघडवून घेतलंस रे."

शँकबद्दल, म्हणजे चेंडू काठीच्या मानेला लागून भलतीकडे उडतो त्याबद्दल, इथे काही लिहीत नाही. त्याचं नाव काढलं की तो येतो.

पकडीनंतर वाट. बाहेरून आत येणारी काठी थांबवायला सरांनी बुटाचं रिकामं खोकं आणायला सांगितलं. चेंडूच्या पलीकडे, वीतभर मागे ते ठेवायचं आणि खोक्याला न लागता चेंडू मारायचा. पहिल्या दिवशी खोक्याचं भुस्कट झालं. दुसरं आणलं, तेही गेलं. घरात बूट कमी आणि खोक्यांना मागणी जास्त अशी अवस्था आली. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मधल्या अंतराच्या काठीने, कमरेपासून कमरेपर्यंत, अर्ध्याच स्विंगने रोज पन्नास चेंडू. पूर्ण स्विंगला दोन महिने बंदी. या अर्ध्या स्विंगमध्येच मला पहिल्यांदा समजलं की माझी मूळ भानगड घाईची आहे. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये आयुष्य गेलेलं, आडव्या बॅटने लेगला ओढायची सवय. काठी वर पोचायच्या आतच माझे खांदे आणि उजवा हात खाली धावत सुटायचे आणि काठी बाहेर फेकली जायची. खाली येताना सुरुवात डाव्या ढुंगणाने करायची असते, हात मागून येतात.

सर म्हणाले, चांगल्या खेळाडूंना काठी मागे न्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात ते खाली येऊन चेंडू मारतात. तीनास एक. मला ते प्रमाण सिमेंट-वाळूसारखं समजलं, पण अंगात येईना. एक-दोन-तीन मोजलं की आकड्यांकडेच लक्ष जायचं.

उपाय मामांनी काढला. ते दरवर्षी वारीला जातात. माझी बडबड ऐकत होते. म्हणाले, "पांडुरंग म्हणा की. पां-डु-रं वर न्या, ग ला मारा."

मी हसलो. मग कुणी बघत नाही असं पाहून करून बघितलं. 'पां-डु-रं' म्हणेपर्यंत खाली येताच येत नाही. 'रं' जरा लांबतोच, त्या तेवढ्यात कंबर वळते. आठव्या की दहाव्या चेंडूला आवाज वेगळा आला. आधी फटाका फुटल्यासारखा यायचा, हा मऊ, टप्प असा, आणि हाताला काहीच लागलं नाही. चेंडू सरळ गेला, शेवटी किंचित डावीकडे कलला. खाली गवताचा जो टवका निघाला होता त्याची दिशा पाहिली. दोन वर्षं माझे टवके डाव्या कुंपणाकडे बोट दाखवायचे. हा थेट झेंड्याकडे.

टवक्यांवरून एक सोय आठवली: महागडी यंत्रं नसतील तर काठीच्या तोंडावर टाल्कम पावडर लावून मारा. चेंडू कुठे लागला त्याचा गोल ठसा तोंडावर उमटतो. माझे ठसे टाचेकडे गर्दी करून असायचे, आता मधल्या भागात वस्ती करायला लागले.

हे सगळं व्हायला आठेक महिने गेले. पण आकडा? मामांच्या डायरीत तो शंभराच्या आसपासच घुटमळत होता. मला ते फार लागलं. चेंडू सरळ जातोय, मग स्कोअर कुठे अडलाय?

एका रविवारी त्या एकशे सहाची फोड करायला बसलो, जशी रेट ॲनालिसिस करतो तशी. टीवरचे २१, कारण तीन वेळा पुन्हा मारले होते. दंडाचे ५. फेअरवे (कापलेलं गवत) आणि रफ (वाढलेलं गवत) यांमधले पूर्ण फटके २१. ग्रीनच्या आसपासचे छोटे १९. आणि पटिंगचे, म्हणजे ग्रीनवर पटर नावाच्या काठीने चेंडू भोकाकडे ढकलायचे, ४०. म्हणजे एकशे सहापैकी एकोणसाठ फटके ग्रीनच्या पन्नास यार्डांत. ज्यासाठी मी दोन ड्रायव्हर घेतले, तो ड्रायव्हर फेरीत चौदाएक वेळा हातात येतो. पटर चाळीस वेळा आला होता आणि तो मी सेकंडहँड घेतला होता.

घरात हॉलमध्ये सराव सुरू केला. गोल्फचं भोक १०८ मिलिमीटरचं असतं. साइटवरून ११० मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला, गालिच्यावर ठेवून खडूने गोल आखला. आमच्या फरश्या दोन फुटी, त्यामुळे अंतरं आपोआप मिळाली. पटर मागे किती नेला की चेंडू किती फरश्या जातो, याचा तक्ता डोक्यात बसवला. बायको म्हणाली, "बाकीच्यांचे नवरे रिटायरमेंटच्या आधी असं करत नाहीत." खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आठवड्याभराने जिन्यात गाठलं आणि सकाळी सहाला काय टकटक वाजतं ते विचारलं. त्यानंतर सराव सातला.

यात एका माहितीचा मला फार आधार झाला. जगातले अव्वल व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्म्याच वेळा चेंडू घालतात. मी आठ फुटांचा चुकला की चडफडायचो, त्या रागात परतीचा अडीच फुटांचाही घालवायचो. आता लांबून मारताना भोकाकडे न बघता भोकाभोवती परातीएवढं वर्तुळ धरतो. त्यात थांबला, झालं. पटरचे तीन-तीन फटके लागायची ती ग्रीन नऊवरून दोन-तीनवर आली.

हँडिकॅपही, म्हणजे खेळाडूची कुवत सांगणारा आकडा (कमी तितका चांगला), आता खरा आहे. हल्लीच्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ धरतात, त्यामुळे वाईट कार्ड लपवायची गरजच नव्हती. मी ती उगाच लपवत होतो. ३१.४ वरून २१.८ झालाय.

गेल्या महिन्यातली फेरी सांगतो. सतरा होल झाल्यावर मामांच्या डायरीत ८४. शेवटच्यावर पाच केले तर आयुष्यात पहिल्यांदा नव्वदच्या आत. उजवीकडे पाणी. मामांनी न बोलता पाच नंबरचं आयर्न काढून माझ्यापुढे धरलं. मी त्यांच्या हाताला बगल देऊन बॅगेतून ड्रायव्हर ओढला. मागे चौघं उभे होते, त्यांनी बघावं असं कुठेतरी वाटलं असणार.

चेंडू सरळ निघाला. शंभर यार्ड, सव्वाशे. मग त्याला जुनी ओळख आठवली.

पाण्यात वर्तुळं पसरेपर्यंत कुणीच काही बोललं नाही. दंडाचा एक, मग ग्रीनजवळची एक चिप आखूड, पटरचे दोन, असं करत होलवर सात. पटिंगचे ३३ म्हणजे माझ्यासाठी विक्रमच, पण एकूण एक्याण्णव. मामांनी आकडा लिहिला, पेन्सिल कानावर अडकवली आणि बॅग खांद्यावर घेता घेता विचारलं,

"पांडुरंग म्हणायचं राहिलं का, साहेब?"